डोंगराला जाताना मोबाइलमधला नकाशा

• कोणासाठी: नाशिककडे नकाशाची ॲप लागतात ती ट्रेकर, पक्षीनिरीक्षक आणि जमीन बघणाऱ्यांना.

• जीपीएस आणि रेंज: दोन्ही वेगळे. ठिकाण उपग्रहांवरून कळते, सिम नसले तरी. नकाशा मात्र घरूनच डाउनलोड करून न्यायचा; गडाच्या पायथ्याशी आठवून उपयोग नाही.

• समोच्च रेषा: सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा. विरळ असतील तर पठार, एकमेकींना चिकटल्या तर कडा. हरिहर गडाच्या कातळपायऱ्या अशाच चिकटलेल्या रेषांत आहेत. साध्या रस्त्यांच्या नकाशात या रेषा नसतात.

• ओपनस्ट्रीटमॅप: २००४ पासून स्वयंसेवकांनी भरलेला नकाशा. अनेक ट्रेकिंग ॲप यावरच चालतात. पायवाट कोणी नोंदवली असेल तरच दिसते.

• भुवन: इस्रोचे नकाशा-संकेतस्थळ, २००९ पासून.

• महाभूनकाशा: राज्य सरकारचे संकेतस्थळ. गट नंबर टाकला की गटाचा नकाशा दिसतो. मालकाचे नाव सातबाऱ्यावर पाहावे.

• अचूकता: मोकळ्या आभाळाखाली मोबाइल सुमारे ५ मीटर चुकू शकतो. बांधावर उभे राहिलात तरी ठिपका शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत दिसेल. हद्द ठरते ती भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच.