पोटावर जुना टाका असेल तर

सिझेरियन, अपेंडिक्स, गर्भाशयाची पिशवी काढणं, फुटलेल्या अल्सरचं तातडीचं ऑपरेशन. पोट एकदा उघडलं की बहुतेकांच्या पोटात आतल्या आत काहीतरी चिकटतंच. मेन्झीज आणि एलिस या ब्रिटिश शल्यविशारदांनी पूर्वी ऑपरेशन झालेली पोटं दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी बारकाईने पाहिली. १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदीनुसार शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांच्या पोटात असे चिकटलेले पट्टे होते. बहुसंख्य लोकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. ज्या थोड्यांना लागतो, त्यांच्यासाठी हा लेख. विशेषतः आंबोलीसारख्या गावातल्या माणसांसाठी, कारण तिथून सर्जनपर्यंत पोहोचायचं तर आधी घाट उतरावा लागतो.

पोटाच्या भिंतीला आतून आणि आतड्यांना बाहेरून एक गुळगुळीत, ओलसर अस्तर असतं. सुमारे ६ मीटर लांबीचं लहान आतडं एवढ्याशा जागेत न अडखळता सरकतं ते त्यामुळेच. ऑपरेशनमध्ये हात लागतो, गॉज घासतो, रक्त साचतं आणि या अस्तराला ओरखडे पडतात. तिथे फायब्रिनचे चिकट धागे जमतात. कातडीवरच्या जखमेवर खपली धरते तीही याच धाग्यांनी. सगळं सुरळीत असेल तर शरीर ते काही दिवसांत विरघळवून टाकतं. जिथे रक्तपुरवठा कमी पडला, पू झाला किंवा हातमोज्यांवरच्या पावडरीचे कण राहिले, तिथे ते टिकून राहतात. त्यांत पेशी शिरतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि धाग्याचा कायमचा पट्टा होतो. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरवाल्या हातमोज्यांवर बंदी घातली, तिच्या कारणांत हेही एक होतं.

पट्टा वर्षानुवर्षं काही त्रास न देता पडून राहतो. मग एखाद्या दिवशी आतड्याचं वेटोळं त्याच्यावरून असं वळतं की बागायतीतली रबरी नळी दुमडून पाणी अडावं तसा मार्ग बंद होतो. ऑपरेशननंतर महिन्याभरात हे घडू शकतं, वीस वर्षांनीही घडू शकतं. लहान आतड्यात अडथळा झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत कारण हेच निघतं. आपल्याकडे पोटाचा क्षयरोग आणि जांघेतला हर्निया हीही कारणं लक्षात ठेवावी लागतात. म्हणून चांगला डॉक्टर पोटाबरोबर जांघही तपासतो.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या ऑपरेशनांची गरज किती होती यावर पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण पोट उघडून केलेलं प्रत्येक अनावश्यक ऑपरेशन पुढच्या आयुष्यासाठी अशा पट्ट्यांची शक्यताही मागे ठेवून जातं, हे फारसं कुणी बोललं नाही.

आता लक्षणांकडे येऊ. कळ चढते, काही मिनिटांनी उतरते, पुन्हा चढते. उलट्या होतात, आधी अन्नाच्या, मग हिरव्या-पिवळ्या पित्ताच्या; अडथळा खाली असेल आणि वेळ गेला असेल तर दुर्गंधी, मळकट रंगाच्या. पोट फुगतं. शौचाला होत नाही, वारा सरत नाही. मात्र एक फसवी गोष्ट आहे. अडथळ्याच्या पुढे आधीच उतरलेला मळ असतो, त्यामुळे सुरुवातीला एकदोनदा शौचाला होऊही शकतं. तेवढ्यावरून मोकळं झालं असं समजू नये.

लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून दिवसाला ७ ते ८ लिटर पाणी आतड्यात उतरतं आणि एरवी जवळजवळ सगळं परत शोषलं जातं. अडथळा झाला की ते आतड्यातच साचतं. पोट पाण्याने तट्ट फुगलेलं आणि माणूस मात्र आतून कोरडा पडत चाललेला, अशी ही अवस्था असते. जीभ सुकते, लघवी कमी होते, पोटॅशियम घटतं.

या वेळी घरात एरंडेल दिलं जातं, जुलाबाची गोळी दिली जाते, गरम पाणी पाजलं जातं. यातलं काहीही करू नये. बंद मार्गामागचं आतडं जुलाबाने आणखी जोरात आवळतं. पोटावर जुना टाका आहे, उलट्या थांबत नाहीत आणि वारा सरत नाही, एवढं जुळलं की तोंडाने काही न देता १०८ ला फोन करावा. आरोग्य केंद्रात सलाईन लावून, नाकातून नळी घालून पुढे पाठवतात. आंबोलीहून सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिथून पुढे ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा गोव्यातलं बांबोळी. आंबोलीत वर्षाला ७ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दरड कोसळून घाट अडणं तिथे नवीन नाही. घाट बंद असेल तर उतरायची वाट पाहत बसू नये, आजऱ्यावरून गडहिंग्लजला किंवा शिनोळीवरून बेळगावला निघावं. रात्री पोट दुखू लागलं आणि सकाळी बघू म्हटलं, की ते तास आतड्याच्या हिशेबातून वजा होतात.

रुग्णालयात पहिला प्रश्न एकच असतो: आतडं नुसतं अडलंय, की त्याचा रक्तपुरवठाही तुटतोय? वेटोळ्याची दोन्ही टोकं पट्ट्याखाली सापडली तर आधी शिरा दाबल्या जातात, मग धमन्या, आणि काही तासांत तेवढं आतडं काळं पडू लागतं. कळ येऊन-जाऊन न राहता सलग होणं, हात लावताच पोट कडक होणं, ताप, नाडी शंभरावर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लॅक्टेट वाढणं ही धोक्याची चिन्हं. यातलं एकही चिन्ह एकट्याने खात्री देत नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हवा आणि पाण्याच्या पातळ्या दिसतात. सीटी स्कॅन त्याहून कितीतरी अधिक सांगतो. फुगलेलं आतडं कुठे संपतं आणि मिटलेलं कुठे सुरू होतं ती जागा, आणि शिरेतून दिलेला डाय आतड्याच्या भिंतीत नीट पोहोचतो का, हे त्यात कळतं. डाय देण्याआधी मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात.

आतडं मरत असल्याची शंका आली तर लगेच ऑपरेशन. नसेल तर थांबायचं. नातेवाइकांना हेच सगळ्यांत जड जातं. रुग्ण कण्हतोय आणि डॉक्टर काहीच करत नाहीत असं वाटतं. खरं तर खूप काही चाललेलं असतं. शिरेतून सलाईन आणि पोटॅशियम जातं. लघवीची नळी घालून दर तासाची लघवी मोजतात, ६० किलोच्या माणसाला ती निदान ३० मिलिलीटर हवी. नाकातली नळी पोट रिकामं ठेवते, त्यामुळे ओकारी फुप्फुसात जाण्याचा धोका टळतो आणि आतड्यावरचा ताण उतरतो. ही रायल्स ट्यूब १९२१ साली जॉन राइल यांनी आणली. पुढे १९३० च्या दशकात मिनेसोटात ओवेन वँगेनस्टीन यांनी अशा नळीला सतत ओढ लावून अडलेली आतडी ऑपरेशनविना मोकळी होऊ शकतात हे दाखवलं आणि या आजारातले पुष्कळ मृत्यू टळले. सर्जन दर काही तासांनी पोटावर हात ठेवून पाहतो. शक्यतो तोच सर्जन, कारण चार तासांपूर्वीचं पोट कसं होतं ते त्याच्या हाताला आठवत असतं.

पोट उपसून झाल्यावर नळीतूनच पाण्यात विरघळणारा डाय देतात, गॅस्ट्रोग्राफिन नावाचा, ५० ते १०० मिलिलीटर. २४ तासांच्या आत तो एक्स-रेत मोठ्या आतड्यात दिसला तर बहुधा ऑपरेशन लागत नाही. तो आतड्यात पाणी ओढतो, म्हणून आधी सलाईनने रुग्ण सावरलेला असावा लागतो. या आजाराच्या उपचारासाठी असलेल्या बोलोन्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे, धोक्याचं चिन्ह नसेल तर साधारण ७२ तास असं थांबणं सुरक्षित मानलं जातं. थांबणाऱ्यांपैकी ७० ते ९० टक्के लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात. वारा सरतो, नळीतून येणारं पाणी कमी होतं, मग घोटभर पाणी, पेज, मऊ भात.

बाकीच्यांचं पोट उघडावं लागतं. कधी एकच पट्टा असतो, कात्रीने कापला की आतडं सुटतं. अशा निवडक रुग्णांत दुर्बिणीनेही जमतं. कधी मात्र सगळी वेटोळी एकमेकांत घट्ट बसलेली असतात आणि सोडवताना आतड्याला भोक पडण्याची भीती असते. सुटलेलं आतडं काळपट असेल तर गरम सलाईनची घडी ठेवून काही मिनिटं थांबतात. गुलाबी झालं, हललं, तर ठेवायचं. नाही तर तेवढा तुकडा काढून टोकं जोडायची.

यानंतरही आजार परत येऊ शकतो. ऑपरेशनविना बऱ्या झालेल्यांत ५ वर्षांत सुमारे २० टक्क्यांना, ऑपरेशन झालेल्यांत सुमारे १६ टक्क्यांना. फरक थोडाच आहे, म्हणून केवळ पुन्हा होऊ नये यासाठी पोट उघडण्यात अर्थ नाही. बरं झाल्यावर पहिले काही आठवडे बांबूच्या कोंबासारखं धागेदार खाणं टाळावं, घास बारीक चावावा. जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि सीटीची फिल्म आधार कार्ड व रेशन कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवावी. मध्यरात्री रुग्णवाहिकेत चढताना ती पिशवी हाताशी असली, तर खालच्या सर्जनला पोटात आधी काय केलं होतं ते विचारत बसावं लागत नाही.