हर्लिंगची दुसरी पायरी

आजच्या भागात आम्ही तुम्हाला आयर्लंडमधल्या एका खेळाची गोष्ट सांगणार आहोत. खेळाचं नाव हर्लिंग आणि स्पर्धेचं नाव जो मॅकडोना चषक. ही तिथली सगळ्यात मोठी स्पर्धा नाही, दुसऱ्या पायरीवरची आहे. आम्ही मुद्दाम तीच निवडली. जे अजून सगळ्यात वर पोचलेले नाहीत, त्यांच्यासाठी कसे नियम केले म्हणजे त्यांना हुरूप येतो, हे तिच्या २०१९ च्या हंगामातून चांगलं समजतं.

आधी खेळ समजून घेऊ. दोन संघ, प्रत्येकात १५ जण. हातात अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची काठी. ती खालच्या टोकाला चपटी आणि रुंद असते. चेंडू लहान, चामड्याचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन उंच खांब, मध्ये आडवी दांडी आणि दांडीखाली जाळी. चेंडू जाळीत गेला तर गोल, त्याचे ३ गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर १ गुण. म्हणून तिथे धावफलकावर दोन आकडे असतात. १-२२ म्हणजे १ गोल आणि वरून मारलेले २२ गुण, एकूण २५. मोठे सामने ७० मिनिटांचे असतात. बायकाही हा खेळ खेळतात. त्यांच्या खेळाला कमोगी म्हणतात. १९०४ पासून तो खेळला जातो आणि त्याच्या स्पर्धांनाही अशाच पायऱ्या आहेत.

खेळणाऱ्यांना पगार नसतो. खेळाडू आपल्याच कौंटीसाठी, म्हणजे आपल्याच जिल्ह्यासाठी खेळतो. दिवसभर नोकरी नाहीतर शेती करायची आणि संध्याकाळी सरावाला जायचं. १८८४ साली स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था सगळा कारभार बघते.

आता पायऱ्यांकडे येऊ. किलकेनी, टिपरेरी, कॉर्क या कौंट्या हर्लिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बलवान. लहान कौंटीला दरवर्षी त्यांच्यासमोर उभं केलं, तर ती दरवर्षी सपाटून हरणार. मग नवी मुलं खेळायला कशाला येतील? म्हणून ताकदीप्रमाणे पाच पायऱ्या केल्या आहेत. दुसऱ्या पायरीचा हा चषक २०१८ मध्ये सुरू झाला. गॉलवेचे खेळाडू आणि संस्थेचे माजी अध्यक्ष जो मॅकडोना २०१६ मध्ये वारले, त्यांचं नाव त्याला दिलं.

२०१९ मध्ये या पायरीवर पाच कौंट्या होत्या: लीश, वेस्टमीथ, अँट्रिम, केरी आणि ऑफली. मे-जूनमध्ये प्रत्येकीचा प्रत्येकीशी सामना. पहिल्या दोघींचा अंतिम सामना, आणि तो जिंकणारी पुढच्या वर्षी वरच्या पायरीवर. शेवटची मात्र एक पायरी खाली. आणखी एक नियम होता. अंतिम फेरीत पोचलेल्या दोघींना त्याच वर्षी मोठ्या स्पर्धेतल्या बलवान संघांशी एकेक सामना खेळायला मिळायचा. म्हणजे वर जायची वाट नुसती कागदावर नव्हती, लगेच चालून बघता येत होती.

३० जूनला डब्लिनच्या क्रोक पार्क या देशातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर अंतिम सामना झाला. लीशने वेस्टमीथला ३-२६ विरुद्ध १-२१ असं हरवलं. लीशचे प्रशिक्षक होते किलकेनीचे माजी नामवंत खेळाडू एडी ब्रेनन. या कौंटीने सगळ्यात मोठी स्पर्धा एकदाच जिंकली आहे, तीही १९१५ साली.

एका आठवड्यात, ७ जुलैला, लीशसमोर डब्लिन उभं राहिलं. लीशची लोकसंख्या तेव्हा सुमारे ८५ हजार, डब्लिनची १३ लाखांवर. शिवाय डब्लिनने नुकतंच २०१७ च्या विजेत्या गॉलवेला हरवलं होतं. सामना लीशच्या घरच्या मैदानावर, पोर्टलीशला झाला. लीशने तो १-२२ विरुद्ध ०-२३ असा जिंकला. हिशोब केला तर २५ विरुद्ध २३, फक्त दोन गुणांचा फरक. पुढच्या रविवारी टिपरेरीने लीशला हरवलं, आणि त्या वर्षीचं अजिंक्यपदही टिपरेरीलाच मिळालं. वेस्टमीथला मात्र कॉर्ककडून मोठ्या फरकाने हार पत्करावी लागली. एक संधी मिळाली म्हणून सगळ्यांमधलं अंतर मिटत नाही, हेही खरं.

आता ऑफलीचं बघा. ऑफलीने १९८१, १९८५, १९९४ आणि १९९८ असं चार वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवलेलं. २०१८ मध्ये ती पहिल्या पायरीवरून दुसरीवर आली आणि २०१९ मध्ये शेवटची राहून तिसरीवर गेली. नियम सगळ्यांना सारखा, जुन्या नावाला सूट नाही. पण खाली गेली तरी ऑफलीने खेळ सोडला नाही. २०२१ मध्ये तिसऱ्या पायरीचा चषक जिंकून ती पुन्हा दुसरीवर आली. २०२३ मध्ये अंतिम सामन्यात जादा वेळेत एका गुणाने हुकली. शेवटी २०२४ मध्ये तिने जो मॅकडोना चषक जिंकला. समोर कोण होतं? लीश! वर गेलेली लीश तीन हंगाम टिकून २०२२ नंतर खाली आली होती.

मैत्रिणींनो, दुसरी पायरी ही दुय्यम माणसांची जागा नाही. पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात: बरोबरीच्यांशी खरी लढत, वर जायची उघडी वाट आणि सगळ्यांना सारखा नियम. यातली एक जरी काढली, तरी ती पायरी म्हणजे मागे बसवून ठेवायची जागा होते.

पुढच्या बैठकीत यावर बोला. तुमच्या गटात नव्याने आलेल्या बाईला आधी शिकायला कुठे जागा मिळते? आणि ती तयार झाली की पुढे यायला तिला वाट आहे का?