परदेशांतील बिऱ्हाड

कोल्हापूरच्या पूर्वेस गडमुडशिंगीच्या शिवाराला लागून उजळाईवाडीचा विमानतळ आहे. ज्या मुलुखांत १८९१ पर्यंत आगगाडीही आली नव्हती, तेथील मुलें-मुली आज जर्मनीस, इंग्लंडास व अमेरिकेस शिकावयास जातात. जाणें सोपें झालें. राहणें मात्र अजून तितकेंच अवघड आहे. काय खावें, काय ल्यावें, खोली कशी असावी आणि आजारांत हांक कोणास मारावी, हे प्रश्न विमानाच्या वेगानें सुटत नाहींत. हा धडा आपल्याकडे ज्यांनीं आरंभीं गिरविला, त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव अग्रभागीं येतें. आणि त्यांच्या चरित्राची दोन्ही टोकें कोल्हापुराशीं बांधलेलीं आहेत.

पोष्टांत नोकरीस असलेले गोपाळराव जोशी कोल्हापुरास असतां, १८७८ सालीं त्यांनीं पत्नीच्या शिक्षणाविषयीं अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहिलें. कोल्हापुरांत पूर्वीं मिशनचें काम केलेले वाइल्डर यांच्या मासिकांत तें छापलें गेलें. पुढें १८८० सालीं न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं पडला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. त्या ओळखीच्या बळावर आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघें अठरा. बरोबर पति नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या थेट कॉलेजांत गेल्या नाहींत. पहिला उन्हाळा त्यांनीं कार्पेंटरबाईंच्या कुटुंबांत घालविला. घरांतील मुलींशीं त्यांची गट्टी जमली आणि कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणूं लागल्या. परक्या देशांत पुस्तकांआधीं नातें मिळालें, हें त्यांचें भाग्य. आक्टोबरांत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातल्यावर खरी कसोटी लागली.

राहण्यास मिळालेल्या खोलींतील शेकोटी नीट पेटत नसे. पेटविली तर धूर, न पेटविली तर थंडी! त्यांतच स्वयंपाक, कारण शाकाहाराचें व्रत त्यांना मोडावयाचें नव्हतें. दिवसभर व्याख्यानें व शवच्छेदन, आणि परत आल्यावर चूल. नऊवारी लुगड्यानें पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीचें नेसणें पत्करलें. आज ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु त्या काळीं अशा लहानशा फेरफाराचाही जाब घरीं पत्रानें द्यावा लागे. पत्र जाऊन उत्तर येण्यास महिने लागत, आणि गोपाळरावांच्या पत्रांत पुष्कळदां धीरापेक्षां बोलच अधिक असत.

इतकें सोसूनही ११ मार्च १८८६ रोजीं त्या पदवीधर झाल्या. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत, म्हणजे आजच्या छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत, स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. पण ती जागा त्यांना घेतां आली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचें देहावसान झालें; बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

क्षय केवळ थंडीनें वा अर्धपोटीं राहिल्यानें होतो असें म्हणणें शास्त्राला सोडून होईल. तो जंतूंमुळें होतो आणि त्यावर त्या काळीं औषध नव्हतें. तथापि थकलेल्या शरीरांत रोगाला थारा लौकर मिळतो, हेंही तितकेंच खरें. म्हणून त्यांच्या निग्रहाचें कौतुक करतांना आपण थोडें थबकलें पाहिजे. घरानें मुलीच्या पदरीं नियम पुष्कळ बांधून दिले; गरज पडल्यास ते शिथिल करण्याची मोकळीक मात्र दिली नाहीं.

याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवून पाहावें. बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैंत न्यूयॉर्कला पोंचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील जेवण रुचेना, तेव्हां त्यांनीं थोड्याच दिवसांत बिऱ्हाड बदललें. आणि पुढें दुसऱ्या वसतिगृहांत नवल भथेना हा पारशी मित्र त्यांना लाभला. ती मैत्री जन्मभर टिकली. जागा सोसत नसेल तर ती सोडावी, आणि सोबती जोडावा, हा विद्यार्थिदशेंतील व्यवहारधर्मच होय.

आज दूरध्वनीच्या पडद्यावर मुलाचा चेहरा रोज दिसतो. पण चेहरा दिसला म्हणजे खोलींतील गारठा दिसतो असें नव्हे. म्हणून मुलगा असो वा मुलगी, निघण्यापूर्वीं वरणभात, पिठलें आणि दोन भाज्या त्यास स्वतःच्या हातानें करतां याव्यात. पहिल्या आठवड्यांतच विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागांत नांव नोंदवावें. खोलीचें भाडें ठरवितांना ऊब व उजेड यांचा विचार आधीं करावा आणि काटकसर मागाहून. थोडे पैसे केवळ आजारासाठीं बाजूस ठेवावेत.

घरच्यांचेंही कर्तव्य आहे. एकत्र कुटुंबांत बोलणारीं तोंडें पुष्कळ, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: परीक्षा केव्हां? त्याऐवजीं एकानें तरी विचारावें, "रात्रीं झोंप लागते ना? आज जेवलास काय?" आणि उत्तर आपल्या रीतीबाहेरचें आलें तरी तें शांतपणें ऐकावें. जेथें खरें सांगितल्यावर बोल ऐकावे लागतात, तेथें मुलें "सर्व ठीक आहे" एवढेंच कळवूं लागतात. आणि दूरदेशीं असलेल्या लेकराच्या बाबतींत त्या तीन शब्दांइतकी फसवी खुशाली दुसरी नाहीं.