कपिलधारचं पाणी आणि चार पानांचा शोधनिबंध

बीडहून सोलापूर रस्त्याने मांजरसुंब्याकडे निघालं की बालाघाटाच्या डोंगररांगेत कपिलधार लागतं. वीरशैव लिंगायत समाजाचे संत मन्मथस्वामी यांची समाधी इथे आहे. कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते आणि पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो. ‘प्रकल्पाला विषयच सापडत नाही,’ असं म्हणणाऱ्या जिल्ह्यातल्या पोरांना मी बिनदिक्कत ही जागा सुचवतो.

विषय सापडत नाही म्हणजे खरं तर तो आवाक्याबाहेरचा निवडलेला असतो. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ या नावाची फाइल झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते, तेव्हा ती पुन्हा लिहायची गरजच काय? शोधनिबंधाला विषय पुरत नाही, प्रश्न लागतो. तोही असा, की त्याचं उत्तर टेप, घड्याळ आणि वही घेऊन काढता येईल. एक नमुना देतो : पाऊस उघडल्यावर कपिलधारच्या ओढ्यातलं पाणी किती दिवसांत निम्म्यावर येतं?

प्रश्न साधा दिसतो, पण पोटात बरंच काही घेऊन बसलाय. बालाघाट हा दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांचा डोंगर. त्यातला घट्ट काळा पाषाण पाणी धरत नाही; भेगांचा आणि सच्छिद्र थर धरतो आणि हळूहळू सोडतो. ओढा दोन-तीन दिवसांत आटला, तर बहुतेक पाणी वरच्यावर वाहून गेलं असा अंदाज बांधता येतो. तो रेंगाळला, तर खडकाने काही साठवलं असावं. दुष्काळी बीडमध्ये या फरकाला किती किंमत आहे, हे विहीर असलेल्या कुठल्याही घरात विचारा. मोजणी सुरू करण्याआधीच आपला अंदाज वहीत लिहून ठेवायचा. हेच गृहीतक. ते चुकलं तरी निबंध पडत नाही.

वाचनही आधीच उरकायचं. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे कृषी विभागाकडे असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून काही वेळा मोजते. जे वाचाल ते कुठून घेतलं, याची नोंद त्याच दिवशी करा; शेवटच्या आठवड्यात संदर्भ हुडकत बसण्यासारखा ताप नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. धबधब्याखाली उभं राहायचं नाही; शेवाळलेले दगड आणि वरून अचानक येणारा लोंढा, दोन्ही धोक्याचे. खाली ओढा जरा सरळ वाहतो अशी जागा शोधून, शिक्षकांना बरोबर घेऊन, काठावर 5 मीटरच्या अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या. वरच्या खुंटीपाशी लिंबू सोडायचं. सुकं पान वाऱ्याने भरकटतं. लिंबू बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, म्हणून ते पाण्याच्या वेगाने जातं. समजा त्याला 20 सेकंद लागले, तर वेग झाला सेकंदाला 0.25 मीटर. ओढ्याची रुंदी 1.2 मीटर आणि चार-पाच ठिकाणी काठी घालून काढलेली सरासरी खोली 10 सेंटिमीटर असेल, तर गुणाकार येतो सेकंदाला 30 लिटर. तळाशी आणि काठाशी पाणी संथ असतं, म्हणून हा आकडा साधारण 0.8 ने गुणतात : 24 लिटर. लिंबू तीनदा तरी सोडायचं आणि तिन्ही वेळा वहीत लिहायच्या. नुसती सरासरी लिहून ठेवली, तर मोजणीत फरक किती पडत होता हे मागाहून कुणालाच कळत नाही.

मध्येच सर आली की मोजदाद पुन्हा पहिल्यापासून. निदान तीन वेगवेगळ्या उघडिपी मोजल्याशिवाय निष्कर्षाला हात घालू नये. म्हणजे जूनमध्येच आखणी हवी. दिवाळीच्या सुट्टीत हा निबंध होत नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासून 10 ते 17 वर्षांच्या मुलांकडून असेच परिसरातले प्रश्न मागवते. माझ्या मते परीक्षकाने तिथे टाइप केलेल्या अहवालाआधी चिखलाचे डाग पडलेली नोंदवही चाळावी.

लिहायला मात्र प्रस्तावनेपासून बसू नका. आधी आलेख काढा : आडव्या अक्षावर उघडिपीचे दिवस, उभ्यावर सेकंदाला लिटर. मग पद्धत लिहा, कारण ती ताजी असते. दुसऱ्या शाळेतल्या मुलीने तुमचा निबंध वाचून तशीच मोजणी केली पाहिजे, इतकी ती सविस्तर हवी. त्यानंतर निष्पत्ती, मग चर्चा. ‘पाणी कमी झालं’ ही निष्पत्ती. ‘खडक सच्छिद्र असल्यामुळे हळू कमी झालं’ ही चर्चा. या दोघींची सरमिसळ हा विद्यार्थ्यांच्या निबंधातला सर्वांत नेहमीचा घोटाळा. प्रस्तावना, सारांश आणि शीर्षक सगळ्यात शेवटी.

भाषा जड केली की निबंध वैज्ञानिक होतो, हा समज कुठून आला देव जाणे. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतल्या 8 ते 10 वर्षांच्या 25 मुलांनी भुंगेमाश्यांवर प्रयोग केले. रंग आणि त्यांची मांडणी बघून माश्या फूल कसं निवडतात, हा त्यांचा प्रश्न. रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह तो निबंध 2010 च्या अखेरीस रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये छापून आला. आणि पानांच्या संख्येवर जाणाऱ्यांसाठी : कमला सोहोनी यांनी 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, ती जेमतेम 40 पानांच्या प्रबंधावर.

राहता राहिली लेखकांची नावं. ज्याने टेप धरली, ज्याने घड्याळ बघितलं आणि जिने आकडेमोड केली, ते लेखक. वाट दाखवणारे गावकरी आभारात. सरांनी आखणीत आणि लिखाणात खरोखर भाग घेतला असेल, तर त्यांचंही नाव लेखकांत यावं. नुसती सही केली असेल, तर त्यांनाही आभारातच बसवावं.