लग्नाचे फोटोग्राफर व्हायचंय?

हंगाम : परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर, सगळीकडे तुळशीच्या लग्नानंतर तारखा भरू लागतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात. मग डोहाळजेवणं, बारशी आणि अल्बमची कामं.

सुरुवात : आधी एखाद्या स्टुडिओत सहायक व्हा. लाइट धरताना विधींचा क्रम पाठ होतो.

प्रकाश : दुपारच्या मुहूर्ताला मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाची झाक चेहऱ्यांवर उतरते. व्हाइट बॅलन्स तिथेच हाताने लावा.

क्षण : अंतरपाट एकदाच दूर होतो. हवेतल्या अक्षता स्पष्ट टिपायला शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं.

वारसा : परभणी हैदराबाद संस्थानात होती, तेव्हा निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). त्यांची नेटकी मांडणी आजही अभ्यासावी अशी.

शैली : आहेराच्या रांगेतले ग्रुप फोटो चोख द्या, घरच्यांचा विश्वास तिथेच बसतो. मग प्रत्येक लग्नातले आवडते दहा फोटो बाजूला काढा. आजीचे हात, मुलीला निरोप देणारे वडील, पंगतीतली लगबग : जे वारंवार दिसेल, ती तुमची नजर. तीच जोपासा.