चौक म्हणजे काय?



परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी विचारले, "चौक म्हणजे काय?" मी हात वर करून सांगितले, "चार रस्ते मिळतात तो चौक." गुरुजी म्हणाले, "बरोबर, पण अर्धेच." उरलेले अर्धे उत्तर मला नाशकात मिळाले. ते मी इथे लिहिते.

माझे मामा जुन्या नाशकात राहतात. रंगपंचमीला आई मला तिकडे घेऊन गेली. मामांच्या घराजवळ तिवंधा चौक आहे. एरवी तिथून रिक्षा नि मोटारसायकली जातात. त्या दिवशी बघते तर रस्त्यात मोठा दगडी हौद! त्यात पिवळा रंग भरलेला. लोक त्यात धपाधप उड्या मारत होते. मी ओट्यावर उभी होते, तरी सगळी भिजले. या हौदाला रहाड म्हणतात.

मी विचारले, "मामा, दिवाळीत आलो तेव्हा हा हौद कुठे होता?" मामा हसून म्हणाले, "तुझ्या पायाखाली!"

रहाडी पेशव्यांच्या काळापासून आहेत. वर्षभर रहाडीवर लाकडे टाकून वरून माती लोटलेली असते. त्यावरून वाहतूक चालते. रंगपंचमीच्या आधी ती उकरतात, साफ करतात, पूजा करतात. सण झाला की पुन्हा बुजवतात. रहाडीचा रंगही ठरलेला असतो. तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी आणि दिल्ली दरवाजाची केशरी. पूर्वी पुष्कळ रहाडी होत्या, आता थोड्याच उघडतात.

मग आम्ही गोदाघाट पाहिला. दर बुधवारी तिथे बाजार भरतो. भाजी, धान्य, भांडी, सगळे मिळते. २०१५ साली सिंहस्थ झाला तेव्हा रामकुंडावर स्नानाला लाखो माणसे आली. पावसाळ्यात पूर आला की हाच घाट पाण्याखाली जातो. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, त्यावरून नाशिकचे लोक पूर किती मोठा ते सांगतात.

आता माझे उत्तर ऐका. चौक म्हणजे मोकळी ठेवलेली जागा. ती एकट्याची नसते, म्हणून सगळ्यांची असते. मोकळी असते म्हणून तिथे आज बाजार, उद्या सण, परवा नुसत्या गप्पा होतात. रहाडीवर कोणी दुकान बांधले असते तर रंग कुठे खेळले असते?

आपल्या गावात चौक नाही, पण पार आहे. पोळ्याला बैल तिथेच जमतात. आजी सांगते, पूर्वी संध्याकाळी म्हातारी माणसे पारावर बसायची. आता पाराभोवती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावतात. आजीला वाट काढता येत नाही, म्हणून ती घरीच बसते. आम्हाला लंगडी खेळायलाही जागा उरत नाही. ट्रॉली लावणाऱ्यांना वाटते, जागा रिकामीच तर आहे. पण ती रिकामी नाही, मोकळी आहे.

खरे सांगायचे तर त्यातली एक ट्रॉली आमचीच आहे. मी दादांना सांगितले, आपली ट्रॉली मळ्यात लावू या. दादा म्हणाले, "बघू."

आज पालकसभा आहे. दादा येणार आहेत. ते हे वाचतीलच.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी