आधी मूठ, मग वाटप

कबनूरमधली भूक रस्त्यावर हात पसरून बसलेली सहसा दिसत नाही. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव इचलकरंजीला अगदी चिकटलेलं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे तो धंदा शहराची हद्द ओलांडून आसपासच्या गावांत शिरला. मागावरच्या कामगाराची मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या दाटीवर, आणि विणलेल्या मीटरवर ठरते. सुताचे भाव चढले, कापडाला उठाव राहिला नाही, की माग थांबतात. मीटर पडले नाहीत तर आठवड्याचा पगारही पडत नाही. पहिली झळ बसते ती खानावळीच्या उधारीला आणि किराणा दुकानातल्या वहीला. माणूस कपडे धुऊन, भांग पाडून कामावर येतो आणि रात्री चहा-खारीवर भागवून झोपतो. बाहेरून काही कळत नाही.

अशा गावात एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला भुकेल्यांसाठी काही करायचं असेल, तर मन मोठं असून भागत नाही, बसवलेली घडी लागते. नाताळच्या आठवड्यात शंभर पाकिटं वाटणं सोपं असतं. जुलै महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी कोण जेवलं नाही हे माहीत असणं अवघड. ही घडी कशी बसवायची, ते इथं सांगतो.

आपल्या शास्त्रातच याची कामाची उदाहरणं आहेत आणि ती फार व्यवहारी आहेत. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला सांगितलंय की शेताचे कोपरे कापू नकोस, पडलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबाचा आणि परक्याचा आहे. म्हणजे गरिबाचा वाटा पीक घरात येण्याआधीच बाजूला पडतो. रूथच्या गोष्टीत बवाज आणखी एक पायरी पुढे जातो. तो कापणी करणाऱ्यांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम पडू द्या आणि तिला टोकू नका. घेणारीला आपण उपकार घेतोय असं वाटू नये, याची काळजी मालकच घेतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तर थेट वाटपातलं भांडण आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी तक्रार येते, आणि मंडळी त्या कामासाठी सात माणसं नेमते. स्तेफन हा त्यांतलाच एक. तक्रार आली म्हणून वाटप बंद केलं नाही, ते नीट चालावं म्हणून माणसं नेमली.

सुरुवात घरच्या डब्यापासून. रोज भात लावताना तांदूळ मापून घेतले की पातेल्यात टाकण्याआधी त्यातलीच एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं, पोरांनीसुद्धा. मोठ्या माणसाच्या मुठीत साधारण ५० ग्रॅम तांदूळ मावतात. महिन्याला दीड किलो होतात. वीस घरांनी हे केलं की ३० किलो. भाकरी खाणाऱ्या घरानं ज्वारीची मूठ काढावी, डाळीचा डबा वेगळा ठेवावा आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळं एकत्र करावं. पावसाळ्यात तांदळाला पोरकिडा लागतो, म्हणून डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकावा आणि जुना साठा आधी संपवावा.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून घरोघरच्या बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी तांदळाची मूठ काढून ठेवतात. त्यावर तिथल्या मंडळीची मोठमोठी कामं उभी राहिली. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्याच तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहातल्या पोरांच्या भाकरीसाठी गावोगाव मूठमूठ धान्य गोळा होत असे. ते कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे घर जैन होतं आणि त्यांच्या पंक्तीला सगळ्या जातींची पोरं बसत. ख्रिस्ती कुटुंबानं शिकावं असं पुष्कळ त्या घरात आहे.

मूठ आधी काढण्यावर मी इतका जोर देतो त्याचं कारण साधं आहे. उरलेलं द्यायचं ठरवलं, तर उरेल त्या दिवशीच समोरच्याचं पोट भरतं. आधी काढलेली मूठ आपल्या घरच्या भाताचाच भाग असते.

आता द्यायचं कुणाला? इथं घाई करू नये. व्हिन्सेंट डी पॉल संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन सुरू केली. तिची मूळची रीत म्हणजे दोघांनी मिळून गरजूच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं. एकट्यानं गेलं की नजर एकाच बाजूची राहते, शिवाय दोघांमुळे गैरसमजाला जागा उरत नाही. नवरा-बायकोनं मिळून जाणं सगळ्यांत चांगलं, कारण घरातली बाई आपलं खरं दुखणं बाईलाच सांगते. गल्लीत कुणाचं कसं चाललंय हे किराणा दुकानदाराला, अंगणवाडीताईला, आशाताईला आणि खानावळवाल्या मावशींना बरोबर ठाऊक असतं. त्यांच्याकडून नावं घ्यावीत, पण ती आपल्यापाशीच ठेवावीत.

दारात गेल्यावर “तुम्हाला मदत हवी का?” असं विचारू नये. बहुतेक माणसं नाही म्हणतात आणि आपण दिलेली पिशवी त्यांना जड वाटते. “काय आज्जी, जेवलासा काय?” असं विचारून बसावं. चूल पेटलीय का, शेगडीवर भांडं आहे का, पोराच्या हातात काय आहे, हे बसल्या बसल्या दिसतं. एकटी राहणारी म्हातारी असेल तर तिला पाच किलो तांदूळ देऊन उपयोग नाही. ते कोण शिजवणार? तिला रोज दुपारी घरच्या स्वयंपाकातला डबा हवा. मागावर काम करणाऱ्या, उत्तर प्रदेश किंवा बिहारातून एकट्यानं आलेल्या पोराकडे चूलच नसते. त्याच्या खानावळीची थकलेली उधारी परस्पर भागवावी. मावशींना एवढंच सांगावं की त्याचं ताट चालू ठेवा, कुणी भरलं ते सांगू नका. एका घराला एका माणसाचं एका महिन्याचं जेवण पेलणं अवघड नाही. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, ही मत्तयातली शिकवण इथं अगदी शब्दशः पाळता येते.

रेशनची बाजू आपण बहुतेक विसरतो, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आपल्या वीस घरांची मूठ मिळून ३० किलो होते, तर एका अंत्योदय कार्डावर दर महिन्याला ३५ किलो येतात. म्हणून ज्याचं कार्ड अडलंय त्याच्याबरोबर तहसील कार्यालयात एक दिवस घालवणं, हे पिशवीभर तांदळापेक्षा मोठं दान आहे. आधार जोडलेलं नसतं, म्हातारीच्या बोटाचा ठसा ई-पॉस मशीनवर उमटत नाही, सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलेलं नसतं. असल्या गाठी सोडवायला लिहिता-वाचता येणारं, चिकाटीचं माणूस लागतं. परराज्यातल्या कामगाराला ‘वन नेशन वन रेशन कार्ड’खाली त्याच्या गावच्या कार्डावरचा स्वतःचा वाटा इथल्या दुकानात उचलता येतो, आणि घरच्यांचा वाटा गावीच राहतो. निपाणी-बेळगाव पट्ट्यातून आलेल्यांनाही हे लागू आहे, पण कित्येकांना ते माहीतच नसतं. दुकानदार ऐकत नसेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली होती. राज्यानं हात घातला की तो किती लांब पोचतो, ते या मातीत तेव्हाच दिसलं आहे.

शिजवून वाटायचं असेल तर महिन्यातून एखादा ठरलेला दिवस धरावा. आपल्या भागात जैन, लिंगायत, मुस्लिम, मराठा अशी सगळी शेजारची घरं आहेत, तेव्हा जेवण शाकाहारी ठेवावं. कुणालाच विचारात पडावं लागत नाही. मुगाची खिचडी सगळ्यांत बरी: पोटाला हलकी, दात नसलेल्यालाही चालते. पन्नास माणसांना ४ किलो तांदूळ, २ किलो मूगडाळ, तीनेक किलो भाजी, पाऊण लिटर तेल. मीठ पाव किलोच्या आत, चव बघत. अठरा ते वीस लिटर पाणी दुसऱ्या भांड्यात आधी उकळून घ्यायचं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि तांदूळ चिवट होतो. टोप किमान पस्तीस-चाळीस लिटरचा हवा, कारण खिचडी फुगते आणि काठावरचं हलवताना हात भाजतो. डाळ-तांदूळ शिजत आले की आच बारीक करून टोपाखाली जाड तवा सारायचा, म्हणजे तळ लागत नाही. लागलाच तर तो खरवडू नये, वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढावी. ओलं खोबरं घालू नये, उन्हाळ्यात ते चटकन विटतं. खिचडी गार होताना घट्ट होत जाते, म्हणून तांब्याभर उकळतं पाणी शेवटपर्यंत हाताशी असू द्यावं.

शिजवल्यापासून दोन तासांच्या आत ती पोटात गेली पाहिजे, नाहीतर वाफा निघण्याइतकी गरम ठेवली पाहिजे. भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि मग पुन्हा गरम करूनही त्यांचं विष जात नाही. लग्नाच्या हॉलमधून उरलेलं जेवण आणताना हा नियम आणखी कडक पाळावा. दुपारी एकला वाढलेली बासुंदी संध्याकाळी सहाला वस्तीवर नेणं म्हणजे गरिबाच्या पोटाशी खेळणं. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे वेगळे नियम आहेत. नियमित करायचं असेल तर ते वाचून, नोंदणी करूनच करावं. आपण स्वतः जे ताटात घेणार नाही ते दुसऱ्याच्या ताटात वाढू नये.

आता जरा नाजूक मुद्दा. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून या जिल्ह्यात शाळा, दवाखाने, मंडळ्या उभ्या राहिल्या. दुष्काळाच्या काळात मिशननं अनेकांना जगवलं, आणि त्याच काळापासून ‘धान्यासाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणाही आपल्या मागे लागला. मला वाटतं, त्याला उत्तर तोंडानं देऊ नये, वागण्यानं द्यावं. ताटासोबत पत्रक नको, जेवणाआधी सक्तीची प्रार्थना नको, फोटो तर मुळीच नको. कुणी विचारलं की हे का करता, तर खरं ते सांगावं: प्रभूनं भुकेल्याला दिलेलं स्वतःला दिलेलं मानलं आहे, म्हणून. विचारलं नाही तर वाढत राहावं. भुकेला माणूस आपल्या समोर मोकळ्या मनानं नाही म्हणू शकत नाही. त्याच्या त्या अडचणीत आपला विश्वास पुढे करणं हे त्या विश्वासालाच कमीपणा आणणारं आहे.

पंडिता रमाबाईंचं काम घडी बसवण्याच्या दृष्टीनं पाहावं. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि बायका आणल्या. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडल्यावर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतकी तोंडं कुणाच्या एकदाच्या देणगीवर जगत नाहीत. त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, भाजीपाला लावला, मुलींना हाताला काम शिकवलं.

घरातल्या पोरांना या कामात खरी जबाबदारी द्यावी. मुठीचा डबा भरला की नाही ते बघणं, पिशव्या मोजणं, आज्जींचा डबा पोचवून रिकामा परत आणणं ही त्यांची कामं. कुणाच्या घरी काय पाहिलं ते शाळेत बोलायचं नाही, हेही त्यांना पहिल्याच दिवशी सांगावं. धान्याचा आणि पैशांचा हिशेब दोघांच्या सहीनं वहीत ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी मंडळीत वाचावा. त्यात फक्त किती धान्य आणि पैसे आले, किती गेले, किती घरांना गेले एवढंच वाचायचं. नावं वाचायची नाहीत.

शेवटी पुराविषयी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये त्याहूनही वर. इचलकरंजीचा सखल भाग आणि रुई, इंगळीसारखी नदीकाठची गावं पाण्यात गेली. पुराच्या पहिल्या चार दिवसांत बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चपात्या गाड्या भरून येतात. तेव्हा आपला मुठीचा साठा उघडू नये. तिसऱ्या आठवड्यात गाड्या थांबतात, छावणी उठते, माणसं चिखलानं भरलेल्या घरात परत जातात. धान्याची कणगी भिजलेली असते, शेगडी गंजलेली असते, माग बंद असल्यानं पगार नसतो. त्या वेळी घरटी दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, तेल, मीठ, चटणी, साखर-चहापूड, भरलेला सिलिंडर आणि एक मोठं पातेलं घेऊन जावं. आणि महिनाभरानं, काही न नेता, पुन्हा एकदा जाऊन यावं.